चाकातला खडा

पहाटे पावणेपाचला सिंहगड रस्त्यावर
दुधाच्या गाड्या आणि मी.
तीन वर्षांत पहिल्यांदाच एकटी.
अन्वरभाईंच्या गुडघ्याचा फोटो मीच काढला.
काळ्यावर पांढरं, दोन हाडांमधली फट
कागदाच्या कडेएवढी उरलेली.
"म्हणजे पाब्याचा चढ संपला," ते म्हणाले,
आणि नाना पेठेतल्या दुकानातल्या डब्यातून
चेनच्या दोन कड्या काढून तळहातावर ठेवल्या,
जेवण झाल्यावर बडीशेप द्यावी तशा.

खानापूर सुटलं की श्वास मोजावा लागतो.
मी मोजत नाही. शिव्या देते, हळू आवाजात,
गिअरला, चढाला, काल रात्रीच्या मिसळीला.
खिंडीत एकदम तोरणा,
आणि डावीकडे राजगड,
एकमेकांकडे न बघता बसलेले,
वाटणीवरून बोलणं तुटलेल्या भावांसारखे.

वेल्ह्यात चहा, दोन उकडलेली अंडी.
पुढे डांबर संपतं
आणि रस्ता स्वतःच्या मनाचा होतो:
आधी खडी, मग मुरूम,
मग ज्याला नाव नाही असलं काहीतरी,
थोडी माती, थोडे गोटे, थोडं वाळलेलं शेण.
चाकात हवा कमी ठेवायची, हा अन्वरभाईंचा नियम.
टायरनं दगड ओळखावा, त्याच्याशी भांडू नये.
हँडलमधून दगड दंडात येतो,
दंडातून दातांत.
आठवडाभर लोकांची हाडं बघते मी,
रविवारी माझी मला ऐकू येतात.

ओढ्यात माघाचं पाणी, घोट्याइतकं.
सायकल खांद्यावर.
पलीकडे ऐनाचं रान, अंगावर मगरीची साल घेऊन उभं,
आणि एक शेवरी, पान एकही नाही,
नुसती लाल.
भुतोंड्याच्या खिंडीखाली चेन तुटली.

तेव्हा धोंडाबाई ढेबे आल्या, अकरा शेरडं घेऊन.
न विचारता मागचं चाक धरलं त्यांनी,
व्यालेल्या शेळीला धरावं तसं,
घट्ट, पण न दुखवता.
"चांगला रस्ता हाय की मार्गासनीवरनं.
हिकडं कशाला तडफडायला?"
"आवडतं," मी म्हणाले, हात काळे, मान खाली.
तो शब्द त्यांनी जरा वेळ तोंडात फिरवला.
"पोरगी अडली व्हती माजी,
ह्याच वाटंनं झोळीत घालून न्हेली.
दगड मोजीत व्हते मी, दुसरं काय करनार."
मी पोरीचं काय झालं ते विचारलं नाही.
त्यांनीही सांगितलं नाही.
कडी बसली. चाक फिरलं. शेरडं दचकली.
"पुढल्या साली डांबर यायचंय," त्या म्हणाल्या.
मी म्हणाले, बरं झालं.
ते खरं होतं.
तेवढंच नव्हतं, पण तेवढं खरं होतं.

खिंडीत पोचले तेव्हा वारा पलीकडून आला,
भाटघरच्या पाण्याचा वास घेऊन.
तोरणा आता उजवीकडे, राजगड पाठीशी वळलेला,
किंवा मीच वळले होते.
बाटलीतलं शेवटचं पाणी प्यायले.
उतारावर ब्रेक सोडायचा असतो.
मी सोडला नाही.
एकेक दगड चाकाखालून जाऊ दिला.

संध्याकाळी दुकानात अन्वरभाईंनी
सायकल उलटी केली, चष्मा कपाळावर.
टायरच्या खाचेतून स्क्रूड्रायव्हरनं
एक खडा उकरून काढला.
"भुतोंड्याचा?" मी विचारलं,
आवाजात नको तेवढा उमाळा.
त्यांनी तो बल्बखाली धरला,
नखानं खरवडला.
"छे. हा खाणीतला. कात्रजच्या बाजूचा.
तुमच्या सोसायटीबाहेर खणलंय ना, तिथला."

आणि तरी त्यांनी तो फेकला नाही.
डब्यात टाकला, कड्या, छर्रे, नट यांच्यात.
मग मागचं चाक हातानं फिरवलं
आणि गुडघा लांब करून, डोळे मिटून
ते थांबेपर्यंत ऐकत बसले.
"खिंडीत कोणत्या गिअरवर होतीस?"
मी सांगितलं.
"खोटं," ते म्हणाले.